आईचं, आजीचं चित्र रंगवायचंय? कमळ आणि चंद्र जरा थांबू द्या

माझ्या सासूबाईंचं व्यक्तिचित्र मी तीनदा रंगवलं. पहिल्या चित्रात मागे पौर्णिमेचा चंद्र होता, बाजूला कमळांचं तळं, खांद्याशी मोर. दोन महिने खपून केलेलं ते चित्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "छान काढलंय गं. पन ही बाई कोन?"

चेहरा हुबेहूब उतरला होता. चुकलं होतं ते चेहऱ्याभोवतीचं सगळं. निफाड तालुक्यात द्राक्षाच्या मांडवाखाली चाळीस वर्षं राबलेल्या बाईला मी कॅलेंडरातल्या तळ्याकाठी नेऊन बसवलं होतं.

घरातल्या एखाद्या स्त्रीचं चित्र काढावं आणि त्यात फूल, झाड, पक्षी, नदी यांतून तिच्याबद्दल काही सांगावं, असं वाटणारे पुष्कळ जण नाशिकमध्ये भेटतात. सगळ्यांची सुरुवात माझ्यासारखीच होते. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून मी कोणत्या क्रमानं शिकले, त्याच क्रमानं पुढे लिहिते. थोडंफार रेखाटन येतं, रंग हातात धरलेला आहे, पण खुणा कशा निवडायच्या ते कळत नाही, अशांसाठी हे आहे.

१. आधी एक सकाळ पांडवलेणीला जा

चित्राच्या लेखात लेणी कशाला, असं वाटेल. पण माझा सगळ्यात मोठा गैरसमज तिथे गेला. लेणी क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी, प्राकृत भाषेत, ब्राह्मी लिपीत कोरलेला. आपल्या दिवंगत मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन त्यात ही आई करवून घेते. सूर्यकिरणांनी उमललेल्या निर्मळ कमळासारखं त्याचं मुख, पूर्णचंद्रासारखं त्याचं दर्शन, आणि त्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायलेली.

कमळ आणि चंद्र, दोन्ही एका राजाला, एका पुरुषाला दिलेले! म्हणजे फूल हे मुळातच बायकी असतं असं काही नाही. खुणेला अर्थ देणारं कुणीतरी असतं, तो कुणासाठी तरी दिलेला असतो. हे एकदा मनात बसलं की 'स्त्रीचं चित्र म्हणजे फुलं हवीतच' हा आग्रह आपोआप सुटतो.

आपल्या परंपरेत याच्या उलट बाजूनं जाणारी एक सुंदर कल्पनाही आहे, दोहदाची. स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाला की अशोक फुलतो. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त राणी धारिणीच्या पायाला दुखापत झालेली असते, म्हणून अशोकाला फुलवायचं काम मालविकेकडे येतं. सांचीच्या तोरणावर झाडाची फांदी धरून उभी असलेली शालभंजिका आठवा. तिथे स्त्री झाडासारखी नाजूक नाही. झाडच तिच्या स्पर्शाची वाट पाहतंय. तुमच्या चित्रातली स्त्री कोणत्या झाडाला, पिकाला, जनावराला फुलवत आली, हा प्रश्न मला 'ती कोणत्या फुलासारखी दिसते' यापेक्षा कितीतरी उपयोगाचा वाटतो.

२. जिचं चित्र काढायचं तिच्याशी बोला, रंग नंतर

किमान दोन बैठका. पहिलीत पेन्सिलसुद्धा काढू नका. चहा घ्या आणि विचारा:

– लहानपणी अंगणात कोणतं झाड होतं? त्याचं काय झालं?
– सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कशाला हात लागतो?
– कोणत्या वासानं माहेर आठवतं?
– नदीला, पावसाला, रानाला कधी घाबरलात का?
– चित्रात काय नको?

शेवटचा प्रश्न विसरू नका. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं आपल्या आत्याच्या चित्रात वटपौर्णिमेचा वड, सुताचे वेढे आणि हिरवा चुडा काढला. पंचवटी नावातच पाच वड, तेव्हा नाशिकच्या चित्रात वड हवाच, असा तिचा सरळ विचार. आत्यांचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. आत्या काही बोलल्या नाहीत, पण चित्र कपाटाच्या मागेच राहिलं. वड, कुंकू, चुडा, गजरा, हळद या आपल्याकडे नुसत्या रंगाच्या गोष्टी नाहीत. तिला त्या हव्यात की नकोत, हे तिच्याच तोंडून येऊ द्या. काही जणींना यजमान गेल्यावरही गजरा हवा असतो, तोही आपण आपल्या मनानं काढून घ्यायचा नाही.

सासूबाईंना मी विचारलं, "आई, कमळ का नाही आवडलं?" त्या म्हणाल्या, "अगं, जन्मात कमळ हातात धरलं नाही मी. कात्री धरली." आणि उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता, पिवळसर, चिंचोक्याएवढा. द्राक्षाच्या विरळणीची, म्हणजे घडातले जादा मणी काढायची, टोकदार कात्री दर हंगामात शेकडो घडांवर चालवून पडलेला. लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती आणि मी तो घट्टा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

३. खुणांची वही करा

साधी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक खुणेसाठी एक पान, आणि त्यावर तीन गोष्टी लिहा: सगळे लोक तिचा काय अर्थ घेतात, आपल्या भागात काय घेतात, आणि तिच्यासाठी ती काय आहे.

तेरड्याचं पान उदाहरणादाखल घ्या. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणताना आपण चंचलपणाबद्दल बोलत असतो. पण भाद्रपदात पुष्कळ घरांत तेरड्याची रोपंच गौर म्हणून घरात येतात. एकच झाड, एका तोंडी टोमणा, दुसऱ्या घरी देवी. तिसऱ्या ओळीत जर "माहेरी ओढ्याकाठून तेरडा उपटून आणायचं काम माझंच असायचं" असं आलं, तर ते झाड चित्रात यायलाच हवं. पारिजातकाचंही तसंच. देवाला खाली पडलेलं फूल वाहू नये म्हणतात, पारिजातकाला मात्र ते चालतं. भल्या पहाटे वाकून फुलं वेचणारी आजी आणि हातात परडी घेऊन ऐटीत उभी असलेली नायिका, या दोन चित्रांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तिसरी ओळ रिकामी राहिली, तर ती खूण गाळा. हा नियम मी आजही मोडत नाही.

जगातल्या मोठ्या चित्रकारांनीही हेच केलेलं दिसतं. लिओनार्दो दा विंचीनं रंगवलेल्या जिनेव्रा दे बेंचीच्या चेहऱ्यामागे काटेरी, गडद जुनिपरचं झुडूप आहे. इटालियन भाषेत त्याचं नाव 'जिनेप्रो', म्हणजे तिच्या नावाशीच जुळलेलं. ते झुडूप दुसऱ्या कुणाच्या मागे लावलं तर निम्मा अर्थ जाईल. त्याच्याच दुसऱ्या चित्रात चेचिलिया गालेरानीच्या कुशीत पांढरा एर्मिन, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लहानसा प्राणी, आहे. तो शुद्धतेची खूण मानला जाई, शिवाय त्या जातीच्या प्राण्याला ग्रीकमध्ये 'गाले' म्हणतात आणि ते तिच्या आडनावाला जोडता येतं. मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिदा काहलोनं १९४० साली स्वतःचं चित्र रंगवलं त्यात गळ्यात काट्यांची माळ आहे, माळेला मेलेला हमिंगबर्ड लटकतोय, मागे मोठमोठी पानं, एका खांद्याशी माकड आणि दुसऱ्याशी काळं मांजर. निसर्ग आणि स्त्री एकत्र आले म्हणजे सगळं गोडच व्हायला हवं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे चित्र जरूर पाहावं.

४. वहीतून तीनच खुणा उचला

वहीत वीस पानं भरतील. चित्रात तीन. एक हातात किंवा हाताजवळ, एक अंगावर, एक मागे. चौथी आली की बघणारा चेहरा सोडून खुणा मोजायला लागतो.

'अंगावर' म्हणताना लुगड्या-साडीचा विचार आधी करा. आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याची पैठणी नेसून बसायचा आग्रह पुष्कळ जणी धरतात आणि तो रास्त आहे. पण पैठणीच्या पदरावर आधीच अख्खी बाग असते: असावलीची वेल, मुनिया म्हणजे पोपट, बांगडी मोर, कमळ. पदर दाखवणार असाल तर मागे पुन्हा मोर-पोपट नकोत. पदरावरच्या एखाद्याच मुनियाला नीट उजेड द्या, बाकीची नक्षी धूसर ठेवा. सगळा पदर बारकाईनं रंगवलात तर ते साडीचं चित्र होईल.

मी निवडलेल्या तीन खुणा: हातात विरळणीची कात्री, अंगावर रोजचं फिकट जांभळं लुगडं, मागे द्राक्षाचा मांडव. फूल एकही नाही.

५. खुणेचा महिना ठरवा

इथे माझं दुसरं चित्र फसलं. कात्री होती, मांडव होता. वेलीला मी सोनेरी, पिकलेले घड लावले आणि शेंड्यांना कोवळी तांबूस पालवी. रंगसंगती मला फार आवडली होती. सासूबाई म्हणाल्या, "पालवी ऑक्टोबरातली आन् घड फेब्रुवारीतले, एका वेलीवर?"

ज्यांना द्राक्षशेती माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे वेलीची वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. फळ येतं ते गोडी छाटणीनंतर. बागायतदार तारखेनं बोलतच नाही, "छाटणीला पंचावन्न दिवस झाले" असं बोलतो. त्या सुमाराला मणी हिरवे, कडक असतात, पानं गडद आणि भरलेली असतात, आणि बायका घडातले जादा मणी कात्रीनं काढत असतात, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. काढून टाकून वाढवणं. सासूबाईंच्या स्वभावाबद्दल याहून खरं मला काहीच सापडलं नसतं, आणि मी मात्र पिकलेले घड रंगवत बसले होते.

गोदावरी मागे घेणार असाल तर हीच काळजी दुप्पट घ्या. उन्हाळ्यातली गोदा, श्रावणातली गोदा आणि पुरातली गोदा या तीन वेगळ्या बायका आहेत. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती कुठवर बुडालाय यावरून नाशिककर पाण्याचा अंदाज घेतो, तेव्हा मारुती दिसत असेल तर पाण्याची पातळी बेतानंच रंगवा. पूर घरात शिरलेला जिनं पाहिला, उदाहरणार्थ २०१६ च्या ऑगस्टमधला, तिच्यामागे निळंशार संथ पाणी दाखवणं बरं नाही.

फुलं, पानं समोर ठेवूनच काढा. पहाटे फुलबाजारात गेलात तर हंगामात काय आहे ते एका फेरीत कळतं.

६. साहित्य आणि कागदपत्रं

तैलरंगांसाठी:

– १८ × २४ इंचाचा प्राइम केलेला कॅनव्हास. पहिल्या चित्राला यापेक्षा मोठा नको.
– रंग: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, सॅप ग्रीन. काळा विकत घेऊच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून जिवंत गडद रंग मिळतो.
– हॉग हेअरचे तीन-चार चपटे ब्रश, बारकाव्यांसाठी एक मऊ गोल ब्रश.
– टर्पेंटाइन, जवसाचं तेल, जुनी सुती फडकी. खिडकी उघडी ठेवा. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.

जलरंग वापरणार असाल तर ३०० जीएसएमचा कागद घ्या, पातळ कागद पाण्यानं फुगतो.

कागदपत्रं फार नाहीत, पण आधीच करून ठेवा. जिचं चित्र आहे तिची दोन ओळींची लेखी संमती: चित्र घरात राहणार, प्रदर्शनात जाणार की मोबाइलवरून सगळीकडे फिरणार, हे स्पष्ट लिहून. जुन्या फोटोवरून काढत असाल तर तो फोटो ज्या घरचा आहे त्यांची परवानगी. व्यक्ती हयात नसेल तर घरातल्या जवळच्यांची. माझं पहिलं चित्र मी एका प्रदर्शनाला विचारल्याशिवाय पाठवलं होतं, आणि सासूबाईंना ते शेजारणीकडून कळलं. त्यानंतर पंधरा दिवस घरात जे अवघडलेपण होतं, ते दोन ओळींच्या कागदानं टळलं असतं.

७. संदर्भाचे फोटो: इथे मोबाइल फसवतो

जवळून फोटो काढला तर नाक मोठं आणि कान लहान येतात. सहा-आठ फूट मागे उभे राहा आणि झूम करा. त्याहून मोठी फसवणूक रंगाची. मांडवाखाली, वडाखाली, केळीच्या बागेत सगळ्या उजेडात हिरवट झाक असते; मोबाइल ती आपणहून 'दुरुस्त' करून टाकतो. म्हणून जागेवरच कागदाच्या पट्टीवर रंगाच्या नोंदी करा: कपाळाचा रंग, गालाचा, हनुवटीखालचा, मानेचा. चार ठिपके पुरेत. घरी आल्यावर फोटो आणि ठिपके जुळणार नाहीत. ठिपक्यांवर विश्वास ठेवा.

८. निसर्ग मागे चिकटवू नका, चेहऱ्यावर पडू द्या

मला विचाराल तर सगळ्या पायऱ्यांत ही महत्त्वाची.

पहिल्या दोन चित्रांत मी चेहरा एका उजेडात रंगवला आणि मागचं दृश्य दुसऱ्या. दोन्ही वेगवेगळे चांगले, पण एकमेकांना न ओळखणारे. तिसऱ्या वेळी सासूबाईंना खरोखर मांडवाखाली बसवलं. सकाळचे साडेनऊ. पानांतून गाळून आलेला उजेड हनुवटीखाली, मानेच्या वळीत, खालच्या पापणीशी मंद हिरवा पडला होता. एक कवडसा डाव्या गालावरून लुगड्याच्या काठावर उतरला होता. वारा आला की तो सरकायचा आणि सुरकुत्यांची एक ओळ उजळून परत विझायची. वेल आणि बाई यांचं नातं सांगायला यापलीकडे काही जोडायची गरजच नव्हती.

रंगवण्याचा क्रम असा ठेवा:

क) बर्न्ट अंबर टर्पेंटाइननं पातळ करून फक्त उजेड-सावली मांडा. चेहरा आणि मागचं झाड एकाच बैठकीत. चेहरा पुरा करून मग पार्श्वभूमी, असं करू नका.

ख) त्वचेसाठी यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना पायाला, सावलीत जरा अल्ट्रामरीन. पांढरा अगदी बेतानं. जास्त झाला की चेहरा खडूसारखा दिसतो.

ग) पानांचा परावर्तित उजेड म्हणून सॅप ग्रीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून मळकट हिरवा करा आणि तो सावलीतच ठेवा. थेट ट्यूबमधला हिरवा लावलात तर चेहरा आजारी दिसेल.

घ) कवडसे सगळ्यात शेवटी, जाड रंगात, एका फटक्यात.

खालचे थर पातळ, वरच्या थरांत तेल जास्त. उलट केलंत तर पुढे रंग तडकतो. पावसाळ्यात थर वाळायला जास्त दिवस लागतात, घाई करू नका.

९. ज्या चुका सगळेच करतात

उजळ करणं. घरचे सांगतात, "जरा गोरी काढ." ऐकू नका. उन्हात रापलेला रंग हीसुद्धा निसर्गाचीच खूण आहे, आणि ती तिनं कमावलेली आहे. सुरकुत्या पुसणंही त्यातलंच.

हात लपवणं. हात अवघड असतात म्हणून पदराखाली घेतले जातात. माझ्या मते स्त्रीच्या चित्रात निसर्गाशी तिचा खरा संबंध हातातच दिसतो. चेहऱ्याला जेवढे दिवस द्याल तेवढेच हातांना द्या. घट्टा रंगवायला मला चार बैठका लागल्या.

वारली चित्रातल्या आकृत्या किनारीला लावणं. आपल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागांत वारली समाज आहे, म्हणून हा मोह नाशिकमध्ये फार होतो. पण लग्नाच्या चौकातली पालघट ही वनस्पतीची, सृजनाची देवता आहे, आणि तो चौक सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लिहायचा असतो. तिला शोभेची किनार करू नये. जिचं चित्र आहे ती त्या समाजातली असेल, तर तिला विचारून, तिच्या घरच्या रीतीनं.

आणि चित्र पुरं व्हायच्या आधी तिला न दाखवणं. अर्ध्यावर दाखवाच. सासूबाईंनी अर्ध्यावर सांगितलं म्हणून कात्रीचं टोक मी खाली वळवलं, "घडाला टोक लागू द्यायचं नसतं, मणी डागाळतो."

१०. शेवटचं काम चित्राच्या पाठीवर

तैलचित्राला वॉर्निश करायला सहा महिने ते वर्षभर थांबा. तोवर समोरच्या भिंतीवर लावा, थेट ऊन नको. मधल्या काळात कॅनव्हासच्या मागच्या लाकडी चौकटीवर तिचं नाव, गाव, साल आणि खुणांचा अर्थ लिहून ठेवा. नातवंडांना कात्री कशाची ते कळणार नाही. जिनेव्राच्या त्या चित्राच्या पाठीमागेही लिओनार्दोनं लॉरेल आणि पामच्या मधोमध जुनिपरची एक डहाळी रंगवली आहे, सोबत लॅटिनमध्ये एक ओळ.

मी सासूबाईंना विचारलं, काय लिहू? त्यांनी चित्र उलटं धरलेलं असतानाच, न बघता सांगितलं, "लिही, छाटणीला पंचावन्न दिवस. विरळणी चालू."

तेच लिहिलंय.